हिरव्यातला काटा

मित्रांनो, तुमच्या मुठीत मी सहज मावेन. दिसायला जाड बोल्टच्या डोक्यासारखा, खाली चुंबकाची गोल बैठक, वरून निघालेली एक लांब तार आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला काट्याची पेटी. मी एक जुना कंपनमापक आहे. यंत्र किती थरथरतं ते मी मोजतो. निदान मोजत होतो.

माझा जन्म एका स्वच्छ, शांत खोलीत झाला. तिथे बायका भिंगाखाली बसून काम करत. त्यांतल्या एकीने माझ्या पोटात स्फटिकाची पातळ चकती बसवली, तिच्यावर एक इवलंसं वजन ठेवलं आणि मला बंद केलं. मला ज्याच्यावर ठेवतात ते हललं की माझ्या पोटातलं वजन स्फटिकाला दाबतं. दाबलं की स्फटिकातून विजेची अगदी बारीक चुणूक निघते, ती तारेतून पेटीत जाते आणि काटा हलतो. काट्यामागे तीन पट्टे आहेत. हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे बंद करा. एवढंच माझं ज्ञान. मला डोळे नाहीत; इथे दिसल्यासारखं जे सांगेन ते माणसांच्या बोलण्यातून उमगलेलं आहे. मी कशावर बसलो आहे हे मला कळत नाही, ते किती हलतं तेवढंच कळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्यातलं सगळं वाईट तिच्यातूनच आलं.

मी कामाला लागलो तो एका तपासणी संस्थेत. तिथे एक आवाजबंद खोली होती. भिंतींना स्पंजचे सुळके, दार जाडजूड, आत गेलं की माणसाला स्वतःचा श्वास ऐकू येई. घरातले पंखे, मिक्सर, कपडे धुण्याची यंत्रं आधी तिथे तपासून घेत आणि मगच बाजारात पाठवत. ते काम एक वयस्क गृहस्थ करत. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तरांचा एक नेम होता आणि तो त्यांनी एकही दिवस मोडला नाही. आधी यंत्राची जागा पुसायची, मग माझी बैठक पुसायची, मला ठेवून बोटाने हलकेच ढकलून पाहायचं की मी डुगडुगत तर नाही ना. मग दहा श्वास थांबायचं. मग काटा तीनदा वाचायचा. आणि आकडा लिहिण्याआधी ‘जागा’ या रकान्यात मला कुठे ठेवलं होतं ते लिहायचं.

‘‘आकडा नंतर,’’ ते म्हणत. ‘‘आधी पत्ता लिहा. पत्त्याशिवाय पत्र कुणाचं ते कळतं का?’’

हे ते जिला सांगत ती त्यांच्या हाताखाली शिकायला आलेली एक मुलगी होती. पुढे मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला पेटीसकट तिच्या हातात दिलं. मी तिला ताई म्हणतो. तिचा हात हलका होता. मला ठेवताना ती जरासुद्धा आपटत नसे. पहिली सहा वर्षं तिने मास्तरांचा नेम तंतोतंत पाळला. तेव्हा एका पाणी चढवण्याच्या पंपाचा दांडा आतून तडकला आहे हे मी तीन आठवडे आधी सांगितलं होतं. लोकांनी ताईची पाठ थोपटली आणि ताईने माझी. तसे दिवस मित्रांनो, फार आले नाहीत.

दर महिन्याला आम्ही दोघं संस्थेच्या वतीने एका मोठ्या धुलाईघरातली यंत्रं तपासायला जात असू. तिथे दवाखान्यांच्या चादरी धुवायला येत. आत सतत वाफ, जमीन नेहमी ओली, साबणाचा उग्र वास आणि चाकांच्या गाड्यांवर ओल्या कापडांचे ढीग. कपडे पिळणारी दोन प्रचंड यंत्रं तिथे होती. आत पोलादी पिंप, ते इतक्या जोरात गरगर फिरे की चादरीतलं पाणी भिंतीला फेकलं जाई. तिथल्या बायकांनी त्यांना नावं ठेवली होती, थोरली आणि धाकटी. एका घरातल्या जावा असाव्यात तशा दोघी शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि दिवसभर एकमेकींवर कुरकुरत.

थोरलीवर ताईची सख्खी मावशी काम करी. ताईची आई लवकर गेली होती, तिला वाढवलं ते या मावशीनेच. आणि धाकटीवर होती ती एक बुटकी, हसरी बाई. तिला सगळे ठेंगणी म्हणत. झाकणापर्यंत हात पोचावा म्हणून ती एका लाकडी पाटावर उभी राही.

मावशीला यंत्राशी बोलायची सवय होती. थोरली फिरायला लागली की ती उजव्या हाताचा तळवा झाकणावर टेकवी आणि क्षणभर डोळे मिटून उभी राही. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण थोरलीच्या मनात काय आहे ते तिला तळव्यातून कळे.

आम्ही गेलो की ती म्हणे, ‘‘आली बघा मीटरवाली. काय गं, आज तुझा हा लोखंडी पोर काय म्हणतोय?’’

‘‘हिरव्यात आहे, मावशी.’’

‘‘माझा हातही तेच म्हणतो. मग त्याला कशाला उचलून आणतेस एवढ्या लांबून? त्या पगारात मलाच ठेव.’’

‘‘तुझा हात कागदावर सही करतो का?’’

‘‘अंगठा देते की!’’ मावशी म्हणे, आणि शेजारच्या पाटावरून ठेंगणी खदाखदा हसे.

मग एकदा दोन्ही यंत्रांची बेअरिंगवरची टोपणं बदलली. बेअरिंग म्हणजे ज्याच्या आधाराने पिंप फिरतं ते छर्‍यांचं कडं. त्यावरची जुनी लोखंडी टोपणं गंजली होती, म्हणून नवी, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमची बसवली. धुलाईघराचे मुकादम मोठ्या कौतुकाने दाखवत होते. ताईने नेहमीप्रमाणे जागा पुसली, बैठक पुसली, मला टोपणावर ठेवलं आणि हात सोडला. मी घसरलो आणि ओल्या जमिनीवर पडलो. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक धरत नाही.

यावर उपाय होता आणि तो ताईच्या बॅगेतच होता. लोखंडी चकती टोपणावर चिकटवायची, की मग चुंबक तिला धरतो. पण चिकटवायला टोपण कोरडं आणि थंड हवं आणि गोंद सुकेपर्यंत यंत्र तासभर बंद हवं.

‘‘तासभर?’’ मुकादम म्हणाले. ‘‘ताई, बाहेर गाडी उभी आहे. दवाखान्यातल्या माणसांना काय उघड्या गाद्यांवर झोपवू? पुढच्या खेपेला करा की. यंत्र कुठे पळून चाललंय?’’

ताई जरा घुटमळली. मग तिने मला टोपणाच्या खाली यंत्राच्या लोखंडी पायावर लावलं. तिथे चुंबक घट्ट बसला. पण पाय आणि यंत्र यांच्यामध्ये रबराचे जाड ठोकळे होते. यंत्राची थरथर जमिनीत जाऊ नये म्हणूनच ते घातले होते. वरचा सगळा गोंधळ ते ठोकळे गिळून टाकत, आणि त्यांच्या खाली, शांत पायावर, मी. मी पायाचं जे होतं ते सांगितलं. काटा हिरव्यात राहिला.

आता ‘जागा’ या रकान्यात काय लिहायचं? वरच्या ओळीत मागच्या महिन्याचं ‘बेअरिंगच्या टोपणावर’ असं होतं. ‘पायावर’ लिहिलं असतं तर संस्थेच्या कार्यालयाने विचारलं असतं, का? परत या, यंत्र बंद करा, असं म्हटलं असतं. ताईने पेन थोडा वेळ कागदावर धरला आणि खाली ‘वरीलप्रमाणे’ अशी खूण केली. दोन छोट्या रेघा. पुढच्या महिन्यात चकती लावायचीच आहे, असं ती पुटपुटली. ती खोटं बोलणारी मुलगी नव्हती मित्रांनो, हे मी शपथेवर सांगतो. तिने एक दिवस नेम मोडला एवढंच. आणि मोडलेला नेम दुसऱ्या दिवशी मोडायला काहीच लागत नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा गाडी उभी होती. त्याच्या पुढच्या महिन्यात ताईला ताप होता. मग एकदा मुकादम रागावलेले होते. महिन्यामागून महिना मी पायावर बसत गेलो, हिरवं सांगत गेलो, आणि रकान्यात त्या दोन रेघा एकीखाली एक उतरत गेल्या.

वर मात्र नव्या टोपणाच्या कडेला बारीक फट होती. तिच्यातून साबणाचं पाणी आत झिरपत होतं, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढत होतं आणि छर्‍यांना खात होतं. थोरलीच्याही आणि धाकटीच्याही.

मावशीला ते कळलं होतं.

‘‘अगं, थोरली घोगरी झालीय,’’ ती चौथ्या महिन्यात म्हणाली. ‘‘थांबताना दात खाते. इथे हात लाव, बघ.’’

ताईने हात न लावता पेटी तिच्यासमोर धरली. ‘‘हे बघ मावशी, हिरव्यात. उलट मागच्या वर्षीपेक्षा कमीच आहे.’’

‘‘कमी?’’

‘‘कमी.’’

मावशीने पुन्हा तळवा टेकवला. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग तिने हात काढून बाहीला पुसला. ‘‘मग माझाच हात म्हातारा झाला असेल,’’ ती म्हणाली. ती हसली नाही. ठेंगणीही हसली नाही.

मित्रांनो, मी तेव्हा त्या दोघींच्या पायाशीच होतो. ओरडून सांगावं असं मला वाटलं असेल, असं तुम्हाला वाटतं का? नाही. मला काहीच माहीत नव्हतं. माझ्यापुरतं सगळं शांत होतं.

पाचव्या महिन्याच्या आमच्या फेरीनंतर नवव्या दिवशी सकाळी थोरली फुटली. मी तिथे नव्हतो, ताईच्या बॅगेत होतो. जे झालं ते मी नंतर माणसांच्या बोलण्यातून गोळा केलं. बेअरिंगचे छर्रे चुरडले, भरधाव फिरणारं पिंप एका बाजूला कललं, आतल्या भिंतीवर आपटलं आणि झाकण बिजागऱ्यांतून उखडलं. मावशीचा उजवा हात त्या वेळी झाकणावर होता. मीटर काहीही म्हणो, तिला शंका होती. ती ऐकत होती. तो हात डॉक्टरांना कोपराच्या वरून काढावा लागला.

चौकशी सुरू झाली. एक अधिकारी आले, शांत आणि नीटनेटके. त्यांनी ताईची वही मागितली. पानापानावर हिरवं. त्यांनी मला मोठ्या प्रयोगशाळेत पाठवलं. तिथे मला थरथरणाऱ्या मेजावर एका फार किमती मापकाशेजारी बसवलं आणि दोन दिवस आमचे आकडे ताडून पाहिले. केसाचाही फरक निघाला नाही. त्यांनी माझ्या पेटीवर एक पांढरी चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर लिहिलं होतं, ‘अचूक’. इतकी मोठी शाबासकी मला जन्मात कधी मिळाली नव्हती.

मुकादमांनी ती चिठ्ठी वाचली आणि पेटीवर टिचकी मारली. ‘‘बघा. मीटर खोटं बोलत नाही. यंत्र चांगलं होतं. मग बाईनेच चादरी जास्त कोंबल्या असणार.’’

अशी माझ्या खरेपणातून मावशी दोषी ठरायला लागली.

ताई मावशीला भेटायला दवाखान्यात गेली तेव्हा मी तिच्या पायाशी, पलंगाला टेकलेल्या बॅगेत होतो. पलंगाचं लोखंड थोडं थरथरत होतं. मावशी कण्हत नव्हती, पण अंगातून कळ गेली की पलंगाला कळे.

‘‘साहेब येऊन गेले,’’ मावशी म्हणाली. ‘‘मी सांगून टाकलं, चादरी जास्त भरल्या म्हणून.’’

‘‘मावशी! तू तर एकेक मोजून भरतेस.’’

‘‘आता मोजायला बोटं आहेत का?’’

‘‘थट्टा नको गं करूस.’’

‘‘मग काय करू? गप्प बैस आणि ऐक. तू मला कधीची काहीतरी सांगायला बघतेस आणि गिळतेस. मी तुला वाढवलंय, माझ्यापासून लपवशील काय? मला ऐकायचंच नाही ते. माझा हात गेलाच. तुझं काम तरी राहू दे. निष्काळजी म्हणतील, म्हणू देत. माझं आता काय जातंय?’’

ताई काही बोलली नाही. मित्रांनो, ती तेव्हा बोलली नाही, हेही मला सांगितलंच पाहिजे. ती सतरा दिवस बोलली नाही. त्या सतरा दिवसांत ठेंगणी रोज पाटावर चढून धाकटीचं झाकण बंद करत होती.

चौकशीच्या शेवटच्या दिवशी अधिकारी धुलाईघरात आले. मावशीलाही बोलावलं होतं. ती भिंतीपाशी बाकावर बसली होती, उजवी बाही दुमडून टाचणीने लावलेली. थोरलीच्या जागी जमिनीवर नुसते चार बोल्ट उभे होते. अधिकारी म्हणाले, ‘‘नोंदीसाठी माझ्यासमोर एकदा धाकटीचं माप घ्या. एरवी घेता तसंच.’’

ठेंगणीने धाकटी सुरू केली. ताई गुडघ्यांवर बसली. तिने धाकटीचा पाय पुसला, माझी बैठक पुसली आणि मला लावलं. मग तिने हात सोडला आणि काटा हिरव्यात जाऊन बसला.

‘‘ठीक,’’ अधिकारी म्हणाले आणि लिहू लागले.

वर ठेंगणीने झाकणावर हात ठेवला. सहज, सवयीने.

‘‘थांबा साहेब,’’ ताई म्हणाली. ‘‘ही जागा चुकीची आहे.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘मी बेअरिंगवर माप घेतलंच नाही. पाच महिने. थोरलीचंही नाही. चुंबक बसत नव्हता म्हणून खाली पायावर लावला आणि वहीत मात्र वरचंच लिहिलं. यंत्र बंद करा. हिला आधी पाटावरून उतरवा.’’

‘‘ही पोर दुःखाने काहीबाही बोलतेय,’’ मावशी बाकावरून म्हणाली. ‘‘साहेब, चादरी मीच जास्त भरल्या. लिहिलंय ना तुम्ही?’’

‘‘नाही भरल्या तिने,’’ ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. ‘‘तिने मला चौथ्या महिन्यात सांगितलं होतं. मी तिला काटा दाखवला.’’

धाकटी बंद झाली. ताईने टोपण पुसून कोरडं केलं आणि चकती चिकटवली. मग तासभर सगळे तिथेच थांबले. इतका वेळ तिथे कधी शांतता नव्हती. कुठेतरी नळ गळत होता. मुकादम येरझारा घालत होते, मग तेही थांबले.

तासाने मला चकतीवर बसवलं. सगळ्यांना दूर उभं केलं आणि कळ दाबली. धाकटी अजून निम्म्या वेगालाही पोचली नव्हती, तेवढ्यात माझ्या पोटातलं वजन स्फटिकावर असं आपटायला लागलं की मी फुटतो की काय असं वाटलं. काटा पिवळ्यातून धावत लालमध्ये गेला आणि टोकाला जाऊन अडकला. ‘‘बंद करा!’’ ताई ओरडली. मुकादमांनी स्वतः कळ ओढली. टोपण उघडलं तेव्हा आतून तांबूस चिखल आणि छर्‍यांचे तुकडे निघाले.

ठेंगणी आपल्या तळहातांकडे बघत राहिली. मग पाट काखेत मारून बाहेर निघून गेली.

मावशीच्या नावापुढचा ‘निष्काळजी’ हा शब्द खोडला गेला. ताईचं काम गेलं, आणि ते जायलाच हवं होतं. धुलाईघर तीन महिने बंद पडलं. तिथल्या बायका रस्त्यात ताईला बघून तोंड फिरवत. काही मावशीच्या हातासाठी, काही बुडालेल्या रोजासाठी.

पण मला आठवतं ते धाकटी उघडली त्याच संध्याकाळचं. दोघी धुलाईघराच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. माझी पेटी ताईच्या मांडीवर होती. ती अजून जमा करायची होती.

‘‘चारचौघांत मला खोटं पाडलंस,’’ मावशी म्हणाली.

‘‘हो, मावशी.’’

मावशीने दुमडलेल्या बाहीची टाचणी सारखी केली. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, ‘‘त्या दिवशीच हात लावून बघितला असतास, तर?’’

ताईने पेटी मांडीवरून उचलून खाली पायरीवर ठेवली.

पुढे मला पुरावा म्हणून कापडी पिशवीत बांधून लाखेची मोहर लावली. अकरा वर्षं मी कपाटात होतो. तिथे काही थरथरत नाही. आता मला एका तंत्रशाळेच्या फळीवर ठेवलं आहे. माझी तार तडकली आहे, चुंबक पोचट झाला आहे, पण ‘अचूक’ची ती चिठ्ठी अजून निघालेली नाही. मुलं ती वाचतात आणि मला आदराने हातात घेतात. तेव्हा मला फार लाज वाटते.

मला पुसा, जपा, कोरड्या जागी ठेवा, असं माझ्यासारख्याने तुम्हाला सांगायचं असतं. ते तुम्ही कराल. पण माझी विनवणी वेगळी आहे. उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हाती माझ्यासारखा एखादा मापक येईल. तो खरंच बोलेल, आणि त्याचं ऐकून कुणालाही गप्प करणं फार सोपं असेल. तसं करू नका. त्या यंत्रापाशी रोज जे माणूस उभं असतं त्याला आधी विचारा, तुला काय वाटतं? आणि ते म्हणालं, इथे हात लाव, तर पेटी खाली ठेवा आणि हात लावा. त्या माणसाचा हात जागेवर आहे तोवर.